कडब्याच्या कोपीतून

कळंब तालुक्यात हिवाळी पाखरांचे वेळापत्रक पिकावरून सांगता येते. सोयाबीनची काढणी होऊन रान मोकळे झाले, की ढेकळांतून शेपट्या हलवत धोबी फिरू लागतात. हरभरा वीतभर वर आला, की त्यावरून भोवत्या हा शिकारी पक्षी घिरट्या घालतो. ज्वारीच्या कणसात चीक भरला, की भोरड्यांचे थवे उतरतात. आणि शिमग्याच्या आधी माळावरचा पळस फुलला, की त्याच भोरड्या ज्वारी सोडून पळसावर जातात. ज्याला या दिवसांत पाखरांची छायाचित्रे काढायची आहेत, त्याने लेन्सची चौकशी करण्याआधी हे पीकपाणी समजून घ्यावे. कोणत्या शिवारात काय पेरले आहे, पाणी कुठे सोडले आहे, राखण कोण करते, हे ज्याला ठाऊक असते त्याला पाखरे शोधत हिंडावे लागत नाही.

पक्षिछायाचित्रणाची बहुतेक पुस्तके अभयारण्यांभोवती फिरतात. कळंबपासून फार दूर नसलेले येडशीचे रामलिंग घाट अभयारण्य आहे, पण हिवाळ्यात मला त्यापेक्षा शेते अधिक श्रीमंत वाटतात. बालाघाटाच्या डोंगररांगेत, बीड जिल्ह्यातल्या पाटोदा तालुक्यात उगम पावणारी मांजरा कळंबला वळसा घालून पुढे जाते आणि धनेगावच्या धरणात अडते. नदीकाठी ऊस, काळ्या रानात ज्वारी आणि हरभरा, येरमाळ्याच्या बाजूला खडकाळ माळ, खाली धरणाचे पसरट पाणी. पाणी, पीक आणि माळ इतके जवळजवळ असल्यामुळे मध्य आशियातून, सैबेरियातून आणि हिमालयापलीकडून येणाऱ्या पाखरांना येथे हिवाळा काढणे सोपे जाते. त्यांच्यासाठी हे शिवार सहा-सात महिन्यांचे घर आहे, आणि छायाचित्र काढताना ही गोष्ट विसरून चालत नाही.

आधी उजेडाचे पाहू. कळंब साडेअठरा अंश उत्तर अक्षांशाच्या आसपास आहे. मे महिन्याच्या मध्याला येथे दुपारचा सूर्य अगदी डोक्यावर येतो; पाखराच्या पाठीवर झगझगीत ऊन आणि पोटाखाली काळी सावली, मधले काही उरत नाही. २२ डिसेंबरला मात्र भर दुपारी सुद्धा सूर्य क्षितिजापासून ४८ अंशांच्या वर चढत नाही. म्हणजे हिवाळाभर उजेड तिरका राहतो, डोळ्यात चमक येते, पिसांचा पोत दिसतो. डिसेंबरच्या शेवटी सूर्योदय सातच्या सुमाराला होतो आणि सहाच्या आत सूर्य मावळतो, त्यामुळे छायाचित्रकाराला अपरात्री उठण्याचीही गरज नसते. सकाळी सात ते साडेनऊ ही उत्तम वेळ. त्यानंतर उजेड वाईट होतो असे नाही, पण काळी जमीन तापू लागते. गार हवेच्या थराखालून गरम हवा वर उठते आणि दूरचे पाखरू थरथरताना दिसते. कितीही महाग लेन्स असली तरी या थरथरीतून स्पष्ट छायाचित्र निघत नाही. अंतर कमी करणे हा एकच उपाय, आणि तो पाखराच्या हातात असतो. म्हणून दहानंतर मी लांबच्या पाखरावर कॅमेरा रोखत बसत नाही. बांधावरच्या बाभळीखाली बसून जे जवळ येईल ते पाहतो.

आता भोरडी. पळसमैना हे तिचे दुसरे नाव. डोके, पंख आणि शेपूट काळे, अंग गुलाबी, डोक्यावर मागे झुकणारा तुरा. ही मैना पूर्व युरोपपासून मध्य आशियापर्यंतच्या गवताळ प्रदेशात वीण घालते आणि तेथे टोळ व नाकतोडे खाऊन पिले वाढवते. वीण लवकर आटोपत असल्याने ती ऑगस्ट-सप्टेंबरातच भारतात येऊ लागते आणि मार्च-एप्रिलपर्यंत राहते. चीनच्या शिंच्यांग प्रांतात टोळांच्या बंदोबस्तासाठी माणसांनी तिला मुद्दाम दगडांची घरटी रचून दिली आहेत. कळंबमध्ये तीच भोरडी हुरड्यावर उतरते आणि तिच्यासाठी माळ्यावर गोफण तयार असते. एकाच पाखराचे हे दोन हिशेब आहेत, आणि दोन्ही खरे आहेत. ज्याची ज्वारी जाते त्याला टोळांची गोष्ट सांगून समाधान होत नाही. मला एका राखणदार आजोबांनी विचारले होते, “फोटू काय काढायलाव दादा, आधी हाकला की त्येंला!” त्यांचे म्हणणे रास्तच होते. गोफणीचा दगड सुटला की थवा उठणार. त्या क्षणाचे छायाचित्र हवे असेल तर राखणदाराशी बोलून त्याच्या मागच्या बाजूला उभे राहावे. छायाचित्रासाठी आपण वेगळा थवा उठवण्याची गरजच पडत नाही.

भोरड्यांचा थवा जमिनीवर चरताना नीट पाहावा. सगळी पाखरे एकाच दिशेला तोंड करून चालतात. मागच्या रांगेतल्या पाखरांना पुढच्यांनी खाऊन झालेले रान मिळते, म्हणून ती उडून पुढच्यांच्याही पुढे जाऊन बसतात. मग आता मागे पडलेली तेच करतात. जाजम उलगडत न्यावे तसा थवा रानातून पुढे सरकत राहतो. ही चाल कळली की काम सोपे होते. थव्याच्या मागे धावायचे नाही. तो ज्या दिशेने सरकतो आहे तिकडे बांधाच्या आड आधीच बसायचे आणि पुढच्या रांगेच्या दोन हात पुढची जागा फोकसमध्ये धरायची. उडी मारून आलेले पाखरू तेथेच उतरते. शटर सेकंदाच्या दोन हजाराव्या भागाइतका जलद ठेवला तर पंखांची टोके गोठतात. थवा आकाशात वळणे घेत असेल तेव्हा मात्र एका पाखरावर नेम धरण्यात अर्थ नाही. भिंग थोडे मिटून एफ ८ ला आणावे, फोकसचे क्षेत्र मोठे ठेवावे आणि आभाळाच्या उजेडामुळे थवा नुसता काळा येऊ नये म्हणून एक्सपोजर एक टप्पा वाढवावे.

एक गोष्ट फार कमी जण लक्षात घेतात. नोव्हेंबरात भोरडी मळकट दिसते, गुलाबी रंग दबलेला असतो. तेव्हा काढलेली छायाचित्रे पाहून नवखे लोक संगणकावर रंग चढवतात. त्याची गरज नाही, आणि ते खोटेही आहे. शरद ऋतूत आलेल्या नव्या पिसांच्या कडा फिकट तपकिरी असतात. हिवाळाभर त्या झिजत जातात आणि आतला खरा गुलाबी व चकचकीत काळा रंग उघडा पडतो. म्हणजे वीण जवळ येते तशी भोरडी नवी पिसे न घालताच नटते. नोव्हेंबर, जानेवारी आणि मार्च अशी एकाच शिवारातली तीन छायाचित्रे शेजारी ठेवली, की ही झीज डोळ्यांना दिसते. त्याच थव्यात पिवळसर चोचीची, फिकट मातकट रंगाची पाखरे असली तर ती त्याच वर्षीची पिले. त्यांना साधी मैना समजून वगळू नये.

पाखराजवळ कसे जायचे, यावर जगभर मोठी डोकी चालली आहेत. इंग्लंडमधल्या रिचर्ड आणि चेरी कीर्टन या भावांनी १९०० च्या सुमारास एक पोकळ बैल तयार करवला होता. लाकडी सांगाड्यावर खरे कातडे चढवलेले, आत माणूस आणि कॅमेरा. याच भावांनी १८९५ मध्ये केवळ प्रत्यक्ष जागेवर काढलेल्या छायाचित्रांचे घरट्यांवरचे पुस्तक प्रसिद्ध केले होते. त्यांची मूळ कल्पना आजही शंभर टक्के बरोबर आहे: पाखरू माणसाच्या आकाराला भिते, शेतातल्या नेहमीच्या आकाराला भीत नाही. आपल्याकडे बैल कातड्याचा करावा लागत नाही. तिफणीच्या मागे बगळे चालतात, ऊसतोड चालू असलेल्या फडात ते मजुरांच्या पायाशी किडे टिपतात. बैलगाडीतून गेलात तर नीलपंख तारेवरून हलत नाही. चारचाकीचे दार उघडून खाली उतरलात की लगेच उडतो.

आणि आपल्याकडे कोप आहे. मार्गशीर्ष अमावास्येला, म्हणजे वेळा अमावास्येला, धाराशिव-लातूर भागातले घरदार रानात जाते. कडब्याच्या पेंढ्या उभ्या करून कोप बांधतात, आत पाच पांडव मांडून पूजा होते, रानात आंबील शिंपडतात, भज्जी आणि उंडे खाल्ले जातात. सण होऊन गेल्यावर काही शेतांत ही कोप बरेच दिवस तशीच उभी राहते. पाखरांच्या लेखी ती रानाचाच भाग बनते. शेतमालकाला विचारून, चपला बाहेर काढून, पूजेचे दगड न हलवता आत मांडी घालून बसता आले, तर त्यासारखे लपण पैसे देऊनही मिळणार नाही. उजेड फुटण्याआधी आत जायचे. मागच्या बाजूची दोन ताटे बोटांनी हलकेच बाजूला सारली की लेन्सपुरती फट होते. लेन्सखाली तिवई मावत नाही. जाड कापडाची हातभर थैली शिवून तिच्यात शेर-दोन शेर ज्वारी भरावी आणि तीच लेन्सखाली घ्यावी. दाणे लेन्सच्या आकाराप्रमाणे सरकतात आणि सहाशे मिलिमीटरची लेन्सही स्थिर राहते. परत निघताना ज्वारी थैलीतच ठेवावी, पाखरांना टाकू नये. दाणे टाकून पाखरे ओढली तर पुढच्या आठवड्यात ती ज्याच्या रानात जातील त्याचा राग छायाचित्रकारावर निघेल, आणि निघायलाच हवा.

अशाच एका कोपीतून पाहिलेली पांढुरक्या भोवत्याची मादी मला अजून लख्ख आठवते. हरभऱ्यावर दव होते. ती पुरुषभर उंचीवरून, पंख किंचित वर धरून, बांधाच्या रेषेने आली. दर काही हातांवर ती एका बाजूला कलंडत होती आणि मान खाली होती. भोवत्याचा चेहरा घुबडासारखा गोलसर असतो, कारण तो डोळ्यांइतकाच कानांनीही शिकार हेरतो. मध्येच ती हवेत थबकली, पाय खाली सोडले, हरभऱ्यात उतरली आणि लगेच वर आली. पायात नाकतोडा होता. तो तिने उडता उडताच चोचीत घेतला. मग ती बांधाच्या टोकाला जाऊन वळली आणि त्याच रेषेने परत आली. परतीच्या फेरीत तिच्या मानेमागची फिकट कंठी स्पष्ट दिसली, म्हणून ती कोण ते कळले.

भोवत्यांच्या बाबतीत कॅमेरा खरा उपयोगी पडतो तो येथे. माँटेग्यूचा भोवत्या आणि पांढुरका भोवत्या यांच्या माद्या उडताना डोळ्यांनी वेगळ्या करणे अनुभवी माणसालाही जड जाते. छायाचित्रात मात्र थांबून पाहता येते. गालामागे काळसर पट्टा आणि त्याच्यामागे ठळक फिकट कंठी असेल तर पांढुरका. कंठी नसेल आणि डोळ्याभोवती पांढरे जास्त असेल तर माँटेग्यूचा. नर सोपे असतात: माँटेग्यूच्या नराच्या पंखावर काळी आडवी पट्टी असते, पांढुरक्याच्या पंखाच्या टोकाला फक्त काळी पाचर. म्हणून भोवत्याचे ‘सुंदर’ छायाचित्र हुकले तरी चालेल, पण पंखांची खालची बाजू आणि मानेची बाजू दाखवणारे एखादे छायाचित्र मिळवावेच. हे पाखरू संध्याकाळी माळावरच्या उंच गवतात जमिनीवर, अनेकदा घोळक्याने, रात्र काढते. ती जागा कळली तर कोणाला सांगू नये आणि तिकडे फिरकूही नये. सरकारी कागदावर माळाला पडीक म्हणतात. तो नांगरला गेला की भोवत्यांची झोपायची जागाच जाते. कळंबच्या हिवाळ्यात मला सर्वांत जास्त चिंता वाटते ती याच पाखराची.

धरणावरचे काम वेगळे आहे आणि त्याबद्दल थोडक्यातच सांगतो, कारण तेथे धीरापेक्षा जागेची निवड महत्त्वाची. मांजरा धरणाची साठवण क्षमता सुमारे २२४ दशलक्ष घनमीटर. पण ते दर वर्षी भरेलच याचा भरवसा नाही. २०१६ च्या उन्हाळ्यात ते कोरडे पडले आणि लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले. पाणी भरपूर असते त्या वर्षी बदके मध्यावर, कॅमेऱ्याच्या टप्प्याबाहेर बसतात. पाणी हळूहळू ओसरते त्या वर्षी काठाला ओला गाळ उघडा पडतो आणि शेकाट्या, तुतवार यांसारखी चिखलात चरणारी पाखरे तेथे येतात. गाळपेराच्या जमिनीत हरभरा, गहू उगवतो. काठाची ही ओली पट्टी म्हणजे खरी जागा. तेथे उभे राहून काही मिळत नाही; गोणपाट अंथरून पालथे पडावे, लेन्स पाण्याच्या पातळीला आणावी. मागचा काठ पुसट होतो आणि पाखरू वेगळे उठून दिसते. पांढऱ्या बगळ्यावर एक्सपोजर कमी करावे, नाहीतर पिसांचा नुसता चुना होतो. वारकरी या काळ्या पाखरावर वाढवावे. गाळात पाय रुतण्याचा धोका खरा आहे, म्हणून एकट्याने फार आत जाऊ नये.

पाण्यावरच्या पाखरांच्या पायांकडे आणि गळ्याकडेही बघावे. तिबेटच्या पठारावर आणि मंगोलियात वीण घालून हिमालय ओलांडून येणारे पट्टकादंब हंस सात हजार मीटरहून अधिक उंचीवरून उडाल्याच्या उपकरणांनी केलेल्या नोंदी आहेत. अभ्यासक काही हंसांच्या गळ्यात अंक लिहिलेली पट्टी घालतात. तो अंक छायाचित्रात वाचता आला तर एकाच पाखराचे हजारो किलोमीटर अंतरावरचे दोन मुक्काम जोडले जातात. छायाचित्र धूसर असले तरी चालते, अंक वाचता आला पाहिजे.

पाखरांची नोंद करण्याचे काम या भागात पूर्वी बंदुकीने होत असे. कळंब त्या वेळी निजामाच्या हैदराबाद संस्थानात होते आणि सलीम अली यांनी १९३१-३२ मध्ये त्या संस्थानातील पक्ष्यांचे सर्वेक्षण केले. त्याचे निष्कर्ष पुढे बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकात प्रसिद्ध झाले. त्या काळात पाखरू नक्की कोणते हे ठरवण्यासाठी ते मारून त्याचे कातडे जतन करावे लागे. दुसरा मार्ग नव्हता. आज ते काम कॅमेरा करतो, पण एका अटीवर. कातड्याला बांधलेल्या चिठ्ठीवर तारीख आणि ठिकाण असे. आपल्या छायाचित्रांना ते नसते. महाराष्ट्रात ५ ते १२ नोव्हेंबर हा पक्षी सप्ताह असतो, सोलापूरच्या मारुती चितमपल्लींच्या जन्मदिवसापासून सलीम अलींच्या जन्मदिवसापर्यंत. त्या आठवड्यात पुष्कळ छायाचित्रे निघतात, फिरतात आणि विसरली जातात. प्रत्येक छायाचित्राबरोबर तारीख, गाव, शिवार आणि रानातले पीक एवढे चार शब्द लिहिले तर तीच छायाचित्रे पंधरा वर्षांनी सांगतील, की ज्वारी कमी होऊन सोयाबीन आणि ऊस वाढल्यावर भोरड्यांचे थवे कुठे गेले.

पाखराला त्रास होतो आहे हे ओळखण्यासाठी मोठे ज्ञान लागत नाही. चरणे थांबले, मान ताठ झाली, की आपण फार जवळ आलो. अंग आक्रसून पिसे घट्ट मिटली, की आता ते उडणार. पहिल्या खुणेलाच थांबावे आणि ते पुन्हा चरू लागेपर्यंत हलू नये. परतीच्या प्रवासासाठी पाखराला अंगात चरबी साठवायची असते आणि विनाकारण घेतलेली प्रत्येक भरारी त्यातून वजा होते. ध्वनिमुद्रित आवाज लावून पाखरू बोलावणे तर पूर्ण वर्ज्य. ओढ्याच्या दरडीत हिवाळ्यात शृंगी घुबडाची वीण चालू असते. मादी अंड्यांवरून उठली तर थंडीत ती गार पडतात, म्हणून दरडींकडे दुर्बिणीनेच पाहावे.

फेब्रुवारीच्या उत्तरार्धात येरमाळ्याकडच्या माळावर पळस फुलतो. पान एकही नाही, नुसता केशरी. भोरड्या फुलांतला रस पितात तेव्हा परागकण त्यांच्या कपाळाला आणि गळ्याला लागतात आणि पुढच्या झाडावर जातात. जवळून काढलेल्या छायाचित्रात कपाळावरची ही पिवळी पूड दिसते. तिच्यासाठी उन्हाकडे पाठ हवी आणि फोकस डोळ्यावर हवा. या दिवसांत बहुतेक छायाचित्रकार समाधानी होऊन कॅमेरा कपाटात ठेवतात. माझे सांगणे वेगळे आहे. पहिली भोरडी कधी आली हे पुष्कळांना आठवते, शेवटची कधी गेली हे फार थोड्यांना सांगता येते, कारण न दिसणाऱ्या पाखराची तारीख कोणी लिहीत नाही. त्यासाठी ज्वारीची मळणी होऊन रान रिकामे झाल्यावरही, पार एप्रिलच्या शेवटापर्यंत, आठवड्यातून एकदा तरी त्याच बांधावर जावे लागते. पाखरू दिसले तर छायाचित्र काढावे, नाही दिसले तर रिकाम्या झाडाचे काढून खाली तारीख घालावी.